वाळूचं पिंप

बाबांच्या नोकरीची शेवटची अडीच वर्षं एकाच टेबलावर गेली. दिल्लीत ट्रान्झिस्टरमधले बॉम्ब फुटले होते, त्यानंतर दहशतवादाविरुद्धचा नवा कायदा झाला होता, आणि त्यामागोमाग फोर्टातल्या त्यांच्या सरकारी कचेरीत इंग्रजी कागद येऊ लागले होते. बेवारस वस्तूंचं काय करायचं, लोकांना काय सांगायचं, पोलीस चौकीत काय काय हवं. ते कागद मराठीत आणायचे, चौक्यांना आणि बस आगारांना पाठवायचे, आणि त्यासाठी मंजूर झालेलं अनुदान खरोखर पोचलं का ते बघायचं, हे बाबांचं काम. ते वरिष्ठ कारकून होते. कचेरीतले लोक त्या टेबलाला बॉम्बचं टेबल म्हणत. आईला तो शब्द घरात चालत नसे.

संध्याकाळी मुलुंडला घरी आले की चहा घेऊन ते मसुदा माझ्यापुढे ठेवायचे. मी तेव्हा घाटकोपरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होतो. सारखा पुस्तकात डोकं घालून बसणारा मुलगा निदान वाक्यांच्या कामी येईल, असं त्यांना वाटत असावं.

"वाच. पण खुर्चीत बसून वाचू नकोस. बस स्टॉपवर उभा आहेस आणि समोर एक पिशवी पडली आहे, असं समजून वाच."

मी उभा राहून वाचायचो. बेवारस वस्तू दिसल्यास हात लावू नका. लांब उभे राहा. इतरांना लांब ठेवा. पोलिसांना कळवा. मूळ इंग्रजीत ते एकच लांबलचक वाक्य होतं. बाबांनी त्याचे चार तुकडे केले होते. घाबरलेला माणूस स्वल्पविरामापाशी थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या कायद्याची मुदत संपून त्याहून कडक दुसरा आला, तेव्हा त्याची प्रत त्यांनी घरी आणली. एका रविवारी मी ती सगळी वाचली. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आता पुरावा म्हणून चालणार होता. जामीन मिळणं जवळजवळ अशक्य होतं.

"बाबा, हे बरोबर आहे का?"

"मुदत दोनच वर्षांची आहे."

"पहिल्याचीही दोनच होती."

त्यांनी प्रत मिटून ठेवली. मग म्हणाले, "तू मला वाळूचं विचार. वाळूबद्दल मी उत्तर देऊ शकतो."

वाळूचं प्रकरण असं होतं. संशयास्पद वस्तू सापडली की ती पाण्याच्या बादलीत बुडवायची, अशी चौकीतली जुनी रीत. पाण्यानं काही बॉम्ब उलट पेटतात, असं जाणकारांनी कळवलं होतं. म्हणून बादलीऐवजी प्रत्येक चौकीत वाळूनं भरलेलं पत्र्याचं पिंप ठेवायचं ठरलं. शहराला पैसे मंजूर झाले, उपनगरांना पुढल्या वर्षी बघू म्हणून शेरा पडला. बाबांसारख्या कधी आवाज न चढवणाऱ्या माणसानं साहेबांच्या खोलीत जाऊन विचारलं, "मुलुंडच्या माणसाला बॉम्ब कमी लागतो का, साहेब?" साहेब हसले. फाइल तरीही पडून राहिली. बाबांनी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं लिहिली आणि शेवटी अंधेरी-बोरिवलीपासून भांडुप-मुलुंडपर्यंत पिंपं आली. लाल रंगाची, कमरेइतकी उंच, वर झाकण.

आमच्या बस आगाराजवळच्या चौकीतलं पिंप बघायला ते दर रविवारी फिरत जायचे. झाकण उचलून वाळूतली बिड्यांची थोटकं वेचून काढायचे. तिथला हवालदार साताऱ्याकडचा होता. तो म्हणायचा, "काका, तुम्ही रोज आलात तर मला झाडूवाला नको." बाबा त्याला थोटकं मोजून दाखवायचे.

आता एका वाक्याकडे येतो. ते लिहायला मला एवढी वर्षं लागली.

चौक्यांसाठीच्या सूचनांचा मसुदा बाबांनी एका संध्याकाळी पुढे ठेवला. त्यात सातवी सूचना होती: वस्तू आपली असल्याचे सांगणाऱ्यास, खात्री पटल्याखेरीज, वस्तूजवळ जाऊ देऊ नये.

"खात्री कोणाची?" मी विचारलं.

"हजर असलेल्या पोलिसाची."

"म्हणजे पोलीस ओळखीच्याला सोडणार आणि अनोळखी माणसाला अडवणार. बरे कपडे घातलेल्याला सोडणार, फाटक्या माणसाला अडवणार. हे दोन शब्द काढून टाका."

बाबांनी चष्मा काढला. "आणि एखाद्याची खरोखरच असली तर?"

"पथक येईपर्यंत थांबेल तो. थांबल्यानं कोणी मरत नाही."

ते हसले आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. ते दोन शब्द मी माझ्या हातानं खोडले. त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात, एका रविवारी सकाळी, मोजे घालताना बाबा खुर्चीत कलंडले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. निवृत्तीला चार महिने होते.

तिसऱ्या दिवशी मी आणि काका अस्थी वेचायला गेलो. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गावाहून रात्रीच्या एस.टी.नं आलेले. गिरणीत तीस वर्षं काढून ते गावी परतले होते, पण बोलणं कधीच मुंबईचं झालं नाही. अस्थी तांब्याच्या गडूत ठेवल्या, वर झाकण. शनिवारी सकाळी ठाण्याहून गाडी पकडून नाशिकला जायचं आणि गोदावरीत विसर्जन करायचं ठरलं. तोवर अस्थी घरात आणायच्या नाहीत आणि जमिनीला टेकवायच्या नाहीत, ही आमच्याकडची रीत. कुठंतरी टांगून ठेवायच्या.

आमच्या कंपाउंडमधल्या आंब्याला टांगाव्या असं मनात होतं. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच भेटले. चांगला माणूस, पण अवघडून उभा होता.

"तुमच्या आईंना सांगू नका मी बोललो म्हणून. पण तिसऱ्या मजल्यावर बाळंतीण आली आहे. तिची सासू ऐकत नाही हो."

मी भांडलो नाही. कंपाउंडच्या भिंतीबाहेर, बस स्टॉपच्या मागे, भेंडीचं जुनं, डेरेदार झाड होतं. हात पुरेल त्याच्या वरच्या फांदीला गडू टांगला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कावळे झाकणावर चोची मारत होते. काका म्हणाले, "माझ्या भावाक कावळ्यांनी टोचलेला माका चलाचा नाय." म्हणून मी घरातली फ्यूजची तार आणली, झाकण गडूला घट्ट आवळलं, आणि गडू बाबांच्या हिरव्या कापडी पिशवीत घालून पिशवी पुन्हा फांदीला बांधली. तारेची दोन टोकं पिशवीच्या तोंडातून बाहेर राहिली होती. मला ती दिसली होती. ती वळवून आत घालावी, एवढंही तेव्हा सुचलं नाही. अडीच वर्षं ज्याच्या घरात दुसरा विषय नव्हता, त्या माणसाला.

शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी झाडाकडे गेलो. सुतकात असल्यामुळे अनवाणी होतो, दाढी वाढलेली. कोपऱ्यावरूनच दिसलं की बस स्टॉप रिकामा आहे आणि माणसं पलीकडच्या फुटपाथवर दाटली आहेत. रस्त्याला आडवा दोर बांधला होता. भेंडीच्या खाली, बरोबर पिशवीच्या खाली, चौकीतलं लाल पिंप आणून ठेवलं होतं. झाकण काढलेलं. वर फांदीला बाबांची पिशवी.

गर्दीत एक पेन्शनर गृहस्थ पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. "मी वाचलंय ना बोर्डावर. हात लावला नाही. लांब उभा राहिलो. ह्यांना लांब ठेवलं. मग चौकीत गेलो." चारही गोष्टी त्यांनी ओळीनं केल्या होत्या. बाबा असते तर त्यांना चहाला घरी घेऊन आले असते.

"झाडाला कोण बॉम्ब टांगतो रे?" दुधाची पिशवी घेतलेला एक जण म्हणाला.

"कावळ्यांची वाट लावायला."

"हसू नको. तारा बघ ना बाहेर आलेल्या. ज्यानं टांगलाय त्याला आता नवीन कायद्यात घालतील. एकदा आत गेला की वर्षभर बाहेर नाही, यार."

माझे पाय तिथंच थांबले. हे सांगायला मला संकोच वाटतो, पण तेव्हा पहिला विचार मनात आला तो मागं फिरण्याचा. मग हवालदारानं मला पाहिलं. तो दोराखालून वाकून आला.

"तुम्ही इथं कशाला आलात? सुतक ना तुमचं? काकांचं कळलं मला, वाईट झालं." त्यानं आवाज खाली आणला. "घरी जा. पथक निघालंय. दोरीनं ओढून पाडतील खाली. शंका आली तर मिठागरात नेऊन उडवतील. आवाज होईल, आईंना सांगून ठेवा."

"ती पिशवी आमची आहे," मी म्हणालो. "त्यात बाबांच्या अस्थी आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वळून झाडाकडे बघितलं. "अरे देवा," एवढंच हळू म्हणाला, आणि मला दंडाला धरून फौजदाराकडे घेऊन गेला.

फौजदार माझ्याच वयाचा होता, तिशीच्या आतबाहेर. नवा बदलून आलेला. घामानं त्याची कॉलर ओली झाली होती.

"साहेब, हे पिंपवाल्या काकांचे चिरंजीव. ते दर रविवारी यायचे ना, वाळू बघायला, ते. वारले. त्यांच्याच अस्थी आहेत म्हणतात वर."

"वायर कशाला मग?"

"कावळे झाकण उघडत होते," मी म्हणालो. ते बोलताना माझं मलाच खोटं वाटलं.

"कोण बांधतं अस्थींना वायर?"

"फ्यूजची तार घरात होती. मी वर चढून काढून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. चक्रमुद्रित, जांभळट शाईचा. मला तो लांबूनही ओळखू आला असता. बोट ठेवून त्यानं सातवी सूचना वाचली. "वस्तू आपली असल्याचे सांगणाऱ्यास वस्तूजवळ जाऊ देऊ नये." मग कागद उलटा करून मला दाखवला. "पुढे काही आहे का बघा. पण, परंतु, काही? असतं तर मी तुम्हाला सोडलं असतं. मला काय आनंद आहे?"

पुढे काही नव्हतं. जे होतं ते मी खोडलं होतं.

हवालदार म्हणाला, "साहेब, मी ओळखतो यांना. खात्रीनं सांगतो."

"तुम्ही ओळखता. मी नाही ओळखत. आणि वर वायर आहे."

तोवर कोणीतरी घरी कळवलं असावं. काका आले ते धोतराचा सोगा हातात धरून, धापा टाकत. दोरापाशी थांबलेच नाहीत. दोन शिपायांनी त्यांना अडवलं.

"सोडा माका. त्येच्यात माझो भाव आसा."

मागं कोणीतरी विचारलं, "काय बोलला? आत माणूस आहे?" फौजदार धावत आला.

"आजोबा, असं ओरडू नका. पळापळ होईल."

"मी खय ओरडतंय? सांगतंय. उद्या नाशकाक जावचा हा. तुमी ता फोडल्यात तर मी काय घेऊन जाव? पिशवी?"

फौजदारानं काकांसाठी चहावाल्याचं बाकडं मागवलं. काका बसले नाहीत. माझ्याजवळ येऊन कानाशी म्हणाले, "जमनीक टेकाक देव नको हां, झिला."

पथक शहरातून यायचं होतं. किराणा दुकानातून फौजदारानं दोनदा फोन केला. सायनला अडकले आहेत, एवढंच कळलं. आम्ही उभे होतो. सव्वा तास, कदाचित दीड. वारा आला की पिशवी थोडी फिरायची आणि गर्दी एक पाऊल मागं सरकायची. एक कावळा येऊन फांदीवर बसला, पिशवीकडे मान वाकडी करून बघू लागला. कोणी हसलं नाही. मी त्या पिशवीकडे बघत होतो आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं. थांबल्यानं कोणी मरत नाही. घरी आई एकटी होती. तिनं स्फोटाचा आवाज ऐकला तर तिला काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो. एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

गाडी आली. तिघं उतरले. त्यांचा प्रमुख पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला, शाळामास्तरासारखा दिसणारा गृहस्थ होता. फौजदारानं त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे आला.

"तुम्ही बांधलीत?"

"हो."

"भांडं कसलं?"

"तांब्याचा गडू. वर झाकण."

"तारेला वेढे किती?"

मी आठवू लागलो. सहा की सात? जास्तही असतील. चुकलो तर संपलं, असं वाटत होतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "खोटं सांगणारा आकडा सांगतो. तरी मी तुम्हाला जवळ सोडणार नाही. आणि ओढून पाडल्याखेरीज मला इलाज नाही. चालेल ना?"

"जमिनीला टेकता कामा नये."

त्यानं झाडाखाली बघितलं. मग पिंपाकडे बोट केलं. "हे कोणी आणून ठेवलं?"

"मीच, साहेब," हवालदार म्हणाला. "कागदात लिहिलंय, जवळ ठेवावं म्हणून."

"आणखी हातभर डावीकडे घ्यायला हवं. ते मी घेतो." तो वळला. मला राहवलं नाही. मी मागून विचारलं, "त्या सूचनेत 'खात्री पटल्याखेरीज' असं असतं, तर यांनी मला सोडलं असतं का?"

तो थांबला. "सोडलं असतं. आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला सोडलं असतं. कोण तो, ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही." चष्मा वर सरकवत म्हणाला, "ते वाक्य बरं आहे. आमची दोन माणसं त्याच्यामुळे जिवंत घरी गेली आहेत."

जाड जाकीट घालून तो एकटाच झाडापाशी गेला. पिंप कडेनं फिरवत फिरवत हातभर सरकवलं. लांब बांबूच्या टोकाचा आकडा पिशवीच्या बंदात अडकवला, दोर सोडत सोडत मागं आला आणि पथकानं गाडीतून उतरवलेल्या वाळूच्या पोत्यांमागे बसला. सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. काका तेवढे उभेच होते.

दोर ताणला गेला. फांदी वाकली, सुटली नाही. पुन्हा ताणला. मग बंद तुटला आणि पिशवी सरळ खाली आली. धप्प असा आवाज झाला, ओल्या कापडाचा होतो तसा. पिशवी पिंपात होती.

काही झालं नाही. त्यानं तरी लगेच हात लावला नाही. बराच वेळ गेल्यावर तो उठला, पिंपावर वाकला, लांब दांड्याच्या कात्रीनं तार कापली. झाकण वाळूवर पडल्याचं आम्हाला कळलं, कारण तो आणखी खाली वाकला. मग त्यानं हातमोजे काढले. वाळूवर सांडलेलं ओंजळीनं गडूत भरलं, गडू दोन्ही हातांनी उचलला, झाकण लावलं, आणि झाडापासून दोरापर्यंत चालत आला. जमिनीवर कुठंही ठेवला नाही.

"कोण मुलगा?" त्यानं विचारलं, जणू मला पहिल्यांदा बघत होता. मी हात पुढं केले.

काकांनी गडूला हात लावला आणि पिंपाकडे बघितलं. टेकलं की नाही, हा हिशोब त्यांच्या डोक्यात चालला होता. शेवटी म्हणाले, "वाळू ती. जमीन नाय." आणि मग ते बाकड्यावर बसले.

फौजदारानं माझा जबाब घेतला. कायद्याचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. पण सही करण्याआधी मी तो कागद दोनदा वाचला. बाबांचा मुलगा नसतो, हवालदार ओळखीचा नसता, नाव-आडनाव वेगळं असतं, तर तो जबाब तिथं, त्या बाकड्यावर संपला असता का, हा प्रश्न तेव्हाच मनात आला. तो अजून गेलेला नाही. ओळखीचा सुटेल, अनोळखी अडकेल, या ज्या भीतीनं मी वाक्यातले शब्द खोडले होते, ती भीती मोठ्या कायद्यात जशीच्या तशी होती, आणि तिथं कोणी मला पेन्सिल दिली नव्हती.

त्या दिवशी गडू बस स्टॉपवरून कुठं न्यायचा, हा प्रश्न होता. सेक्रेटरी गर्दीत होते. ते पुढं झाले. "कंपाउंडमध्ये आंब्याला बांधा. त्या बाळंतिणीच्या सासूशी मी बोलतो." मी बांधला, सुतळीनं.

शनिवारी आम्ही नाशिकला गेलो. नदीवर गुरुजींनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि भुवया वर केल्या. अस्थींमध्ये जाडी, पिवळसर वाळू मिसळली होती, मूठभर तरी. गुरुजी ती बोटानं बाजूला सारू लागले.

"ही कुठली वाळू?"

मी काही बोलायच्या आत काकांनी त्यांचा हात धरला.

"मुलुंडची," ते म्हणाले. "रवांदे. त्येनाच मागून घेतलेली."